नुसतं पाहून नजर बसत नाही

सकाळी साडेदहाच्या सुमारास अंधेरी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर डबे उतरायला लागतात. कुणी सायकलच्या हँडलला लटकवून आणलेले, कुणी कॅरियरला बांधून आणलेले, काही उभट ॲल्युमिनियमचे, काही कापडी पिशवीतले. बघता बघता त्यांचे गट पडतात. बघायला थांबलेल्या माणसाला मात्र गट कशावरून पडले ते कळत नाही. पांढऱ्या टोपीतला गडी वाकतो, एका हातात दोन डबे उचलतो, एक डावीकडे सरकवतो, दुसरा मागच्या लांबट पाटीत बसवतो. झाकणाकडे त्याने पाहिलं की नाही, हेही सांगता येत नाही, कारण तोंडाने शेजाऱ्याशी गावच्या जत्रेबद्दल बोलणं चालूच असतं.

पाहिलेलं असतं, हे नक्की. झाकणावर रंगाने काढलेली खूण असते. ही पद्धत समजावून सांगताना नेहमी दिलं जाणारं उदाहरण असं: एका कडेला विलेपार्ल्याची इंग्रजी आद्याक्षरं, जवळच डबा घरून उचलणाऱ्याचं एक अक्षर, मधोमध ठसठशीत ३, आणि दुसऱ्या कडेला ९-ईएक्स-१२. मधला ३ म्हणजे डबा कोणत्या स्टेशनात उतरायचा ते. ९ म्हणजे तिथून पुढे नेणारा. ईएक्स म्हणजे नरिमन पॉइंटची एक्स्प्रेस टॉवर्स आणि १२ म्हणजे मजला. १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी हा धंदा सुरू केला, असं मानलं जातं. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर भागातली माणसं त्यात आली. आधी खूण म्हणून रंगीत दोरे बांधत, मग रंगाची अक्षरं आली. करोनाच्या आधी पाच हजार डबेवाले आणि रोजचे दोन लाख डबे असा हिशेब सांगितला जायचा. एवढ्या डब्यांत चूक जवळजवळ होतच नाही, या कथेतला आकडा नेमका कुणी मोजला ते विचारू नये, पण गाडी यायच्या आत फुटपाथ रिकामा होतो, ते कुणालाही उभं राहून पाहता येतं.

त्याच झाकणाकडे रोज पाहणारं आणखी एक माणूस आहे. पार्ल्यातल्या ज्या घरातून तो डबा निघतो, तिथली बाई वर्षानुवर्षं तो घासते, पुसते, भरते, झाकण दाबून लावते. डबेवाल्याच्या वाट्याला ते झाकण क्षणभर येतं, तिच्या हातात पाच-दहा मिनिटं असतं. तिला एकदम विचारावं, मधला आकडा कोणता? बहुधा उत्तर येईल, ‘लाल रंगात काहीतरी लिहिलंय खरं.’

यात तिचं काही चुकलेलं नाही. १९७९ साली रेमंड निकरसन आणि मॅरिलिन ॲडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना त्यांच्या एका सेंटच्या नाण्याचं चित्र आठवून काढायला सांगितलं. जन्मभर हाताळलेलं नाणं, पण चित्रं भलतीच निघाली. पंधरा चित्रांतून खरं नाणं ओळखायला सांगितलं, तेव्हाही निम्म्याहून कमी जणांना ते जमलं. आपल्याकडे हा प्रयोग वीस रुपयांच्या नव्या नोटेवर करून पाहावा. तिच्या पाठीवर कोणतं चित्र आहे? वेरूळची लेणी. महाराष्ट्रातली जागा, रोज खिशात, तरी कितीजणांना खिशात हात न घालता सांगता येईल कोण जाणे.

मराठीत ‘नजर बसणे’ म्हणतात. सोनाराची नजर बसलेली असते, कापडवाल्याची असते, कोळणीची तर असतेच. मानसशास्त्राची पाठ्यपुस्तकं याला दृक्संवेदनाचं अध्ययन म्हणतात आणि लक्ष देण्याला अवधान. या दोन जड शब्दांचं एकमेकांशी नातं काय, यावर गेली तीस-पस्तीस वर्षं प्रयोगशाळांमध्ये बरीच भांडणं झाली आहेत. पाहून पाहून नजर बसते, असं वरवर वाटतं. तसं असतं तर पार्ल्याची ती बाई अंधेरीच्या फुटपाथवर सहज कामाला लागली असती.

या भांडणांआधी एक जुनी समजूत मोडावी लागली. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं, की मेंदूतली पाहण्याची यंत्रणा कोवळ्या वयातल्या अनुभवावर घडते आणि तो काळ उलटला की नंतर फारसं काही करता येत नाही. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यातून असं मत रूढ झालं, की मोठ्या माणसाची दृष्टी म्हणजे वाळलेलं मडकं, त्याला आता आकार देता यायचा नाही.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या अवी कार्नी आणि डोव्ह सागी यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग दिसायला अगदी साधा होता. पडद्यावर आडव्या छोट्या रेघांचं शेत, त्यात एका कोपऱ्यात तीन तिरप्या रेघा. हे चित्र डोळ्याचं पातं लवण्याच्याही आत येऊन जातं आणि लगेच त्यावर दुसरं, गोंधळाचं चित्र आदळतं. सांगायचं एवढंच: त्या तीन रेघा एकीखाली एक होत्या की एकीशेजारी एक? पहिल्या दिवशी माणसं चाचपडतात. रोज सराव केला, की गोंधळाचं चित्र त्याहून लवकर आदळलं तरी बरोबर सांगू लागतात, आणि ही तयारी पुढे टिकते. म्हणजे मोठ्या माणसाची नजर तयार होते. पण विचित्र अटीवर. पडद्याच्या ज्या भागात सराव केला, तिथेच सुधारणा. रेघा दुसऱ्या कोपऱ्यात हलवल्या, की पुन्हा श्रीगणेशा. एका डोळ्याने सराव केला, तर दुसरा डोळा कोराच.

आणखी एक गंमत त्यांना १९९३ साली दिसली. सुधारणेचा मोठा भाग सराव चालू असताना दिसतच नाही, काही तासांनी उगवतो. पुढच्या वर्षी असंही आढळलं, की झोपेतला स्वप्नांचा टप्पा मोडला तर तो उगवत नाही. अभ्यास करून झोपलं की डोक्यात बसतं, हे घराघरांत सांगितलं जातं. डोळ्यांबाबतही तसंच म्हणायला हरकत नाही.

आता लक्षाची गोष्ट. लिंग-पो शियू आणि हॅरॉल्ड पॅशलर यांनी १९९२ साली लोकांना रेघा दाखवल्या. रेघा त्याच, डोळ्यांत शिरणारा प्रकाश तोच. काहींना रेघेचा कल ओळखायला सांगितला, काहींना रेघ किती उजळ आहे ते. नंतर सगळ्यांची कल ओळखण्याची परीक्षा घेतली. उजेडाकडे लक्ष देणाऱ्यांना कल ओळखण्यात काहीही फायदा झालेला नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढून तेच कल शेकडो वेळा गेले होते.

हेच पुढच्या वर्षी मेराव अहिसार आणि शॉल हॉकस्टाइन यांनी अधिक नेटकेपणाने दाखवलं. रेघांचा एक चौकोन. त्याबद्दल दोन प्रश्न विचारता येतात: चौकोन उभट आहे की आडवा? आणि सगळ्या रेघांत एखादी वेगळ्या कलाची आहे का? एका प्रश्नावर माणसाला पक्कं तयार केलं, तरी दुसऱ्या प्रश्नात तो जवळपास तिथेच राहतो, जिथे होता. चित्र एकच असलं तरी प्रश्न बदलला की शिकणं बदलतं.

डबेवाल्याला झाकण रोज एक प्रश्न विचारतं: हा डबा कुठे जायचा? पार्ल्याच्या बाईला तेच झाकण विचारतं ते वेगळं: स्वच्छ झालं का, घट्ट बसलं का? त्या बाबतीत तिची नजर अशी बसलेली असते, की रबराची कडा जराशी फुगली तरी तिला दिसते. ती डबेवाल्याला दिसणार नाही.

उपनगरातल्या लोकांना हे रोजच्या रोज अनुभवायला मिळतं, फक्त त्याला कुणी प्रयोग म्हणत नाही. पश्चिम रेल्वेवर वीस वर्षं काढलेला अंधेरीकर इंडिकेटरकडे ओझरतं पाहतो आणि बीओ म्हणजे बोरिवली, पुढचं अक्षर स्लो की फास्ट, डबे बारा की पंधरा, हे सगळं जिना उतरता उतरता टिपतो. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि असे अनेक अंधेरीकर पहिल्यांदाच रोज घाटकोपरच्या फलाटावर येऊन उभे राहू लागले. तिथे के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे. अक्षरं तशीच, पाटी तशीच, आणि हा वीस वर्षांचा मुरलेला प्रवासी नवख्यासारखा शेजाऱ्याला विचारतो, ‘ही मुलुंडला थांबते ना?’

मात्र तो अगदी शून्यापासून सुरुवात करत नाही, हेही खरं. पाटीवर कुठे पाहायचं आणि काय सोडून द्यायचं, हे त्याला ठाऊक असतं. कार्नी-सागींच्या निष्कर्षाला २००८ साली बीजिंगच्या संशोधकांनी असाच एक धक्का दिला. एका कोपऱ्यात एका कामाचा सराव दिला आणि दुसऱ्या कोपऱ्यात भलत्याच कामाचा. मग पहिलं काम दुसऱ्या कोपऱ्यात करून पाहिलं, तर ते तिथेही जमू लागलं होतं! दुसऱ्या कोपऱ्याकडे लक्ष देण्याची सवय लागली आणि पहिल्या कोपऱ्यातली विद्या तिथे वापरता आली. नजर बसते ती फक्त डोळ्यांचा निरोप आधी घेणाऱ्या मेंदूच्या भागात की त्यापुढच्या, लक्ष वळवणाऱ्या भागांत, हा वाद तेव्हापासून अधिकच रंगला.

इथवर सगळं शाळामास्तरांना आवडेल असं आहे. लक्ष दे, म्हणजे शिकशील. २००१ साली बोस्टनमध्ये ताकेओ वातानाबे आणि सहकाऱ्यांनी त्यात खोडा घातला.

त्यांच्या प्रयोगात पडद्याच्या मधोमध एकामागून एक अक्षरं येत, त्यांतली दोन वेगळ्या छटेची अक्षरं ओळखायची. सगळं लक्ष तिथे. भोवताली ठिपके वाटेल तसे पळत. त्यांतले शंभरात फक्त पाच एका ठरावीक दिशेने जात. हे प्रमाण इतकं कमी, की मुद्दाम विचारलं तरी दिशा सांगता येत नाही. असं बरेच दिवस चाललं. मग दिशा ओळखण्याची परीक्षा घेतली, तर त्या एकाच दिशेच्या बाबतीत माणसांची नजर सुधारलेली होती. दिसलं नव्हतं, लक्ष दिलं नव्हतं, तरी बसलं होतं.

मग दिशा ठसठशीत केली तर आणखी लवकर शिकतील? इथेच खरी मौज आहे. योशिआकी त्सुशिमा, ॲरन साइट्झ आणि वातानाबे यांनी २००८ साली ते करून पाहिलं. बिनकामाची हालचाल चांगली दिसेल अशी केली, तेव्हा ती शिकली गेलीच नाही. क्षीण होती तेव्हाच शिकली गेली.

उपनगरातल्या सोसायटीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणला, तर हे लगेच समजतं. मोठमोठ्याने बोलत, पिशव्या नाचवत कुणी विक्रेता आला, की वॉचमन उठतो, अडवतो, रजिस्टर पुढे करतो. मान खाली घालून भिंतीकडेने गेलेला मात्र सरळ लिफ्टपर्यंत पोचतो. लक्षाचं निम्मं काम हे वॉचमनचं आहे. हवं त्याला आत घेणं हा एक भाग, नको त्याला बाहेर ठेवणं हा दुसरा. जे इतकं अंधुक आहे की वॉचमनला त्याची चाहूलच लागत नाही, ते आत जाऊन बसतं.

वॉचमन म्हातारा झाला तर? २०१४ साली वातानाबे यांच्याच गटाने तरुण आणि सत्तरीच्या आसपासची माणसं यांची तुलना केली. कामाची गोष्ट शिकण्यात वयस्कर माणसंही पुढे सरकली. फरक पडला तो बिनकामाच्या गोष्टीत. ठसठशीत पण निरुपयोगी हालचाल तरुणांनी गाळली, ज्येष्ठांनी तीही शिकून घेतली. वयाबरोबर शिकणं आटतं, असं म्हणण्याची रीत आहे. या प्रयोगात उलट दिसलं, नको तेही शिकलं जात होतं. मुलुंडच्या कुठल्याही कट्ट्यावर बसणाऱ्या आजोबांना हे ऐकून बरंच वाटेल, निदान घरी सांगायला तरी.

२००९ सालचा एक प्रयोग जेवणाच्या वेळेशी जुळणारा आहे, म्हणून डब्यांच्या गोष्टीत तो सांगायलाच हवा. साइट्झ, किम आणि वातानाबे यांनी लोकांना पाच तास अन्नपाण्यावाचून ठेवलं. मग तोंडात नळी देऊन अधूनमधून पाण्याचा थेंब सोडला. एका डोळ्यापुढे लखलखणारी चित्रं, दुसऱ्यापुढे अस्पष्ट तिरप्या पट्ट्या. लखलखाटामुळे पट्ट्या जाणवतही नव्हत्या. ज्या कलाच्या पट्टीबरोबर थेंब येई, तो कल ओळखण्यात नंतर सुधारणा झाली. दुसऱ्या कलात नाही. करायला काम नव्हतं, पट्टी दिसत नव्हती, होता फक्त तहानलेल्या माणसाला आलेला थेंब. म्हणजे जाणीवपूर्वक लक्ष देणं ही नजर बसण्याची एकच वाट नाही. ‘हे महत्त्वाचं आहे’ असा निरोप मेंदूत फिरला, की त्या वेळी डोळ्यांत जे काही असेल ते बसू शकतं. हा निरोप बक्षिसामुळे फिरतो, तसाच काम नेमकं साधल्यानेही फिरत असावा, असं या संशोधकांचं म्हणणं.

नेमकं कुठे पाहायचं हे कुणी सांगितलं, तर वर्षांचं काम किती आवाक्यात येतं? बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रविवारी सकाळी दुर्बिणी गळ्यात अडकवून निघालेल्या गटांमध्ये हे ऐकू येतं. नवख्याला झुडपात फक्त एक मातकट चिमणीएवढं काहीतरी दिसतं. वटवट्यांच्या एकेका जातीतला फरक भल्याभल्यांना रडवतो. जुना पक्षिनिरीक्षक तेव्हा नाव सांगत नाही, जागा सांगतो: ‘भुवई बघ. पट्टी डोळ्याच्या मागे जातेय का? शेपूट कशी हलवतोय?’ अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी १९३४च्या आपल्या पुस्तकात पक्ष्यांच्या चित्रांवर नेमक्या जागी बारीक बाणरेघा काढल्या, त्या याचसाठी. १९८७ साली अर्व्हिंग बीडरमन आणि मॅगी शिफ्रर यांनी एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांतले नर-मादी ओळखण्याचं काम घेतलं. हे कसब यायला वर्षं लागतात, असं त्या धंद्यात मानत. त्यांनी एका जुन्या जाणत्याला विचारून कुठे आणि कसला आकार पाहायचा ते एका कागदावर उतरवलं. तो कागद वाचून अगदी नवखी माणसं फोटोंवरून तज्ज्ञांच्या तोडीने उत्तरं देऊ लागली.

नॅशनल पार्काच्या याच जंगलात २०१५ साली कॅमेरे लावून बिबटे मोजले, तेव्हा ३५ वेगवेगळे बिबटे ओळखले गेले. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण निराळी असते. एवढंच काय, एकाच बिबट्याची डावी कूस उजव्या कुशीशी जुळत नाही, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लागतात. पूर्ण अंगाकडे पाहत राहिलं तर सगळे बिबटे सारखेच दिसतात. ओळखणारा एक तुकडा धरतो, खांद्याचा किंवा मांडीचा, आणि त्यातल्या दोन-तीन ठिपक्यांवरून दुसरा फोटो जुळवतो.

नजर बसली की तिची किंमतही मोजावी लागते. २०१३ साली ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि त्यांत गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये एका गोरिलाचं चित्र घातलेलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलंच नाही. त्यांच्या डोळ्यांची हालचाल नोंदली जात होती. न दिसलेल्यांतल्या बऱ्याच जणांची नजर थेट गोरिलावर जाऊन आली होती. बातम्यांनी या डॉक्टरांची थट्टा केली, ती अन्याय्य होती. त्यांना गोरिला शोधायला बसवलं नव्हतं, आणि छोट्या पांढऱ्या गाठी टिपण्यासाठी वर्षानुवर्षं घडवलेली नजर मोठ्या काळ्या आकाराला बाहेरच ठेवणार.

या सगळ्याचा सर्वांत थेट उपयोग दिसतो तो आळशी डोळ्याच्या बाबतीत. लहानपणी एका डोळ्याने नीट पाहिलं गेलं नाही, तर मेंदू त्याचा निरोप दुर्लक्षित करायला शिकतो. चांगला डोळा झाकून मुलांवर उपचार करतात. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर उपयोग नाही, असं पूर्वी सरसकट सांगितलं जाई. २००४ साली उरी पोलॅट यांच्या गटाने मोठ्या माणसांना अंधुक पट्ट्या ओळखण्याचा सराव देऊन सुधारणा दाखवली. २०११ साली कॅलिफोर्नियात रॉजर ली, डेनिस लेव्ही आणि सहकाऱ्यांनी आळशी डोळ्याच्या मोठ्या माणसांना चांगला डोळा झाकून, दिवसाला दोन तास, व्हिडिओ गेम खेळायला बसवलं. ४० तासांनंतर त्यांना तक्त्यावरच्या आणखी लहान ओळी वाचता येऊ लागल्या. पण काहींना आधी नुसताच डोळा झाकून टीव्ही, वाचन असली रोजची कामं करायला सांगितलं होतं, आणि तेवढ्याने सुधारणा झालेली नव्हती. हे छोट्या गटांवरचे प्रयोग आहेत. ते वाचून कुणी स्वतःच्या डोळ्यावर पट्टी बांधून मोबाइल घेऊन बसू नये. नेत्रतज्ज्ञ तपासून सांगतील तेच करावं. पण डोळा उघडा ठेवणं वेगळं आणि त्याला काम देणं वेगळं, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसलं असेल.

दुपारी दोननंतर चर्चगेटकडून अंधेरीकडे येणाऱ्या गाड्यांच्या लगेज डब्यांत तेच डबे परत येतात, रिकामे, खुळखुळणारे. फुटपाथवर पुन्हा गट पडतात. सकाळी सगळ्यांच्या नजरा ज्यावर पडत होत्या तो मधला ठसठशीत ३ आता कुणी बघत नाही. आता बघायचं ते कडेला, पार्ल्याची तीन अक्षरं आणि त्यांच्याजवळचं एक अक्षर. गडी वाकतो, दोन डबे उचलतो, एक डावीकडे सरकवतो. जत्रेचं बोलणं सकाळी जिथे थांबलं होतं, तिथून पुढे सुरू झालेलं असतं.